सुताचा हिशेब

"आठ ब्रास धरा वहिनी. उरलं तर पार्किंगमध्ये पसरू."

आमच्या मिस्त्रींनी स्लॅबच्या काँक्रीटचा अंदाज सांगितला तो असा, तोंडात तंबाखू आणि नजर वर सेंट्रिंगच्या प्लेटांकडे, म्हणजे स्लॅबच्या साच्याकडे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मी ब्लाउज शिवते. एक मीटर कापड लागतं तिथे कुणी 'दीड घ्या, उरलं तर पिशव्या शिवू' म्हणालं तर मी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघेन, त्याच नजरेनं मिस्त्रींकडे बघितलं. ते हसले, पण आकडा काही बदलला नाही.

कराडच्या बाहेर आमचा छोटा प्लॉट आहे. हे एसटीत, ड्युटी कधी पहाटेची तर कधी मुक्कामाची. त्यामुळे घराच्या कामावर उभं राहायचं ते मीच. पाया खणताना मला यातलं काही कळत नव्हतं आणि त्याची फी मी तिथेच भरली. नकाशात बारा फूटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, होती. प्रत्येकाखाली साडेपाच फूट चौरस आणि चार इंच जाडीचं पीसीसी, म्हणजे सळई नसलेला काँक्रीटचा थर. गुणाकार केला, सव्वा ब्रासच्या आत बसलं, तेवढ्याचंच साहित्य मागवलं. जेसीबीवाल्यानं खड्डे साडेसहा फुटांचे काढले होते, तळ खालीवर होता, आणि मिस्त्रींनी खड्डा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकला. सरासरी जाडी सहा इंच पडली. सव्वा ब्रासचं अडीच ब्रास झालं. अर्धा दिवस माणसं सावलीत बसून, आणि मी फोनवर खडीवाल्याच्या मागे. त्या दिवशी एवढं कळलं की माप नकाशाचं नाही, खड्ड्याचं घ्यायचं. अंगावर घेतलेलं माप आणि जुन्या ब्लाउजवरून काढलेलं माप यात जो फरक, तोच इथे.

पाया, कॉलम, प्लिंथ हे सगळं साइटवरच मिक्सर लावून झालं. स्लॅबला मात्र इंजिनिअर साहेबांनी एम-२५ ताकदीचं काँक्रीट लिहिलं होतं. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी हे घमेल्याचं प्रमाण एम-२० पर्यंतच चालतं, त्यापुढे डिझाइन मिक्स, म्हणजे चाचणी करून ठरवलेलं प्रमाण लागतं, असं ते म्हणाले. शिवाय गल्लीत पाच ब्रास खडी आणि अडीच ब्रास क्रश सँड ओतायला जागाच नव्हती. शेजारच्यांची रिक्षा निघाली नसती. तेव्हा आरएमसी, म्हणजे प्लँटवरून गाडीत तयार येणारं काँक्रीट, ठरलं.

आणि आरएमसी म्हटलं की अंदाज चुकवायची सोय राहत नाही. साइटवर मिक्सर असला की दोन पोती कमी पडली तर दुकानातून आणता येतात, उरली तर पुढच्या कामाला लागतात. गाडीतला माल उरला तर तो कुणाचाच नाही, आणि कमी पडला तर सांधा पडतो. तोही जिथे नको नेमका तिथे.

मग वही काढली.

स्लॅब बाहेरून बाहेर ३२ फूट बाय ३० फूट, म्हणजे ९६०. त्यातून जिन्याची पोकळी १२ बाय ७ गेली, म्हणजे ८४ वजा. पुढची गॅलरी ४ बाय १२, म्हणजे ४८ अधिक. ९२४ चौरस फूट. जाडी पाच इंच. ९२४ गुणिले पाच भागिले बारा, ३८५ घनफूट.

आता बीम. नऊ इंच रुंद, अठरा इंच खोल. ३० फुटांच्या चार रांगा आणि ३२ फुटांच्या चार, एकूण २४८ फूट. मी पाऊण फूट गुणिले दीड फूट गुणिले २४८ केलं. २७९ घनफूट आले, ते मिळवले, आणि खूश होऊन साहेबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं. "पाच इंच?"

अर्धा तास कळेना. मग उजेड पडला. बीमची अठरा इंच खोली वरून मोजतात, आणि त्यातले वरचे पाच इंच स्लॅबच्या जाडीत आधीच आलेले आहेत. बाहीचं कापड धरताना खांद्याचंही धरून दोनदा मोजावं, तसं मी केलं होतं. बीमला स्लॅबच्या खालचे तेराच इंच धरायचे. मग २७९ चे साधारण २०१ झाले. एवढ्या एका चुकीत दोन घनमीटरहून जास्त माल फुकट मागवला असता. (मिस्त्रींच्या आठ ब्रासचं मूळ इथेच असावं, असा मला संशय आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अनुभव आहे.")

राहिला जिना. मधल्या लँडिंगपासून वरची फ्लाइट स्लॅबबरोबरच पडणार होती. तिरकी पाटी साधारण १४ घनफूट, वर नऊ पायऱ्यांचे त्रिकोण साडेसात घनफूट. साडेएकवीस धरले. एकूण ६०८. प्लँटवर ब्रास चालत नाही, तिथे क्यूबिक मीटर. ३५.३१ नं भागलं, १७.२२.

मिस्त्रींचे आठ ब्रास म्हणजे २२.६५. मधे साडेपाच क्यूबिकचं अंतर.

तीन प्लँटना फोन केले. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "किती क्यूबिक?", आणि तुम्ही आकडा सांगितला की पुढचं बोलणं एकदम अदबीचं होतं. दर ५,४०० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे घरात ६,३७२ ला एक क्यूबिक. गाडी सहाची. चौथी गाडी अर्धी भरून हवी असेल तर कमीत कमी तीनचे पैसे. पंपाचं भाडं वेगळं. आमच्या गल्लीवरून विजेच्या तारा गेल्यात, त्यामुळे पंपाचा लांब हात, म्हणजे बूम, उघडता येणार नव्हता. पाइपलाइन टाकून खालून ढकलायचा पंप ठरला. सिमेंटमध्ये फ्लाय ॲश किती, गाडी साइटवर थांबली तर वेटिंग कोणाचं, ताकद तपासायच्या क्यूबचे साचे कोण आणणार, हे सगळं साहेबांनी लिहून दिलेलं मी वाचून दाखवलं. एका प्लँटवाल्यानं मला थेट विचारलं, "मॅडम, तुम्ही सिव्हिल का?" मी म्हटलं, शिवणकाम.

स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी मी जाडी मोजायला वर चढले. सळई बांधून झाली होती, खाली तिला प्लेटेपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक लावलेले होते. समोरासमोरच्या कडेच्या फळ्यांवर लेव्हलचे खिळे होते. त्यांना ओळंब्याची दोरी ताणून बांधली आणि दोरीपासून खाली प्लेटेपर्यंत टेप सोडत गेले. चोवीस ठिकाणी. उन्हानं प्लेटा तापलेल्या, चपलेतून चटके बसत होते. सगळीकडे पाच इंच असायला हवे होते. कुठे पाच, कुठे पाच आणि दोन सूत, आणि हॉलच्या मधोमध चक्क सहा.

गवंडी आणि शिंपी, दोघांच्याही मापात सूत असतं. इंचाचे आठ सूत. ब्लाउजला एक सूत म्हणजे हुक नीट बसेल की ओढून बसेल एवढाच प्रश्न. मी खाली येऊन हिशेब घातला. ९२४ फुटांवर एक सूत जादा जाडी म्हणजे साडेनऊ घनफुटांहून थोडं जास्त. म्हणजे पाव क्यूबिकच्या वर. म्हणजे सतराशे रुपये. एका सुताचे!

"मिस्त्री, हॉलमध्ये प्लेटा बसल्यात."

"वहिनी, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय."

"स्वर्ग नको, जॅक फिरवा."

कुरकुरत का होईना, त्यांनी फिरवले. हॉलखालचे चार जॅक, दोन ठिकाणी टेकूखाली पाचर. परत मोजलं. सरासरी सव्वापाच आली, त्याखाली येईना. प्लेटा जुन्या, कडा वाकलेल्या. साहेब म्हणाले, एवढं चालायचंच, धरून चाला. सव्वापाच धरल्यावर आकडा १७.७६ झाला. तीन गाड्या, अठरा. पाव क्यूबिक शिल्लक राहतंय, मी निवांत झोपले. उरलंच तर म्हणून चेंबरच्या ढाप्यांचे चार साचे तेल लावून ठेवले होते, आणि कमी पडलंच तर म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून चार पोती सिमेंट, थोडी खडी आणि क्रश सँड कोपऱ्यात.

सकाळी नारळ फोडला. गाडी साडेसातला यायची ती सव्वाआठला आली. चलनावर माल भरल्याची वेळ ७.२५ होती. भरल्यापासून दोन तासांत ओतून व्हायला हवा, तेव्हा घाई नव्हती, पण रमतगमतही चालणार नव्हतं. पंपवाल्यानं पाइप ओले करायला सिमेंटची स्लरी सोडली. ती पहिली पांढरट धार सरळ बीममध्ये जाणार होती, ती घमेल्यात धरून खाली टाकायला लावली. त्यात खडीचा कण नसतो, नुसता काला.

मग तो प्रसंग आला ज्याची साहेबांनी आधीच सूचना देऊन ठेवली होती. पाइपातून माल जरा जड यायला लागला, वरचा पोरगा ओरडला, "घट्ट आहे, पाणी मारा!" आणि ड्रायव्हरनं गाडीच्या टाकीच्या नळीला हात घातला. मी पायरीवरून खाली उतरेपर्यंत नळी ड्रममध्ये गेलीसुद्धा होती. मी त्याच्या आणि नळाच्या मधे जाऊन उभी राहिले. भांडण नाही, नुसती उभी. "ताई, सगळीकडे मारतात," तो म्हणाला, आणि ते खरंच असणार. सगळीकडे मारतात म्हणूनच तर त्याचा हात इतक्या सहज गेला. साहेबांनी प्लँटच्या माणसाला बोलावलं. त्यानं पत्र्याचा तो उलटा पेला भरून वर उचलला, माल किती खाली बसतो ते पट्टीनं मोजलं, डब्यातून मोजून औषध ओतलं, ड्रम जोरात फिरवला. पाच मिनिटांत माल सुटा झाला. पाण्याचा थेंब नाही.

आता माझी चूक सांगते. पहिली सहा क्यूबिकची गाडी कुठपर्यंत पोचायला हवी, याची मी कडेच्या फळीवर खडूनं खूण केली होती. कापडावर करतो तशी. गाडी रिकामी झाली तेव्हा माल खुणेच्या आठ-नऊ इंच अलीकडेच थांबला होता. माझं डोकंच फिरलं. मापात पाप! मी ह्यांना फोन लावला. त्यांची रजा होती, ते नाक्यावर पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. दुसरी गाडी नाक्यावरून वळायच्या आत थांबवा, काट्यावर घ्या, भरल्याचं वजन आणि परत जाताना रिकामीचं.

फोन ठेवला आणि साहेब शांतपणे म्हणाले, "पाइप धरलात का?"

पाच इंची पाइप, तीस मीटर लांब. त्याच्या पोटात साधारण ०.३७ क्यूबिक माल भरून असतो. तो गाडीतून गेलेला असतो, पण स्लॅबवर आलेला नसतो. आठ-नऊ इंचांचा हिशेब तिथेच लागला. म्हणजे पहिल्या गाडीवर मी विनाकारण तोंड टाकलं होतं. आणि दुसरं म्हणजे माझं रात्रीचं पाव क्यूबिक शिल्लक राहणं हेही स्वप्नच होतं, कारण गरज १७.७६ ची नव्हती, १८.१३ ची होती. ह्यांना परत फोन करून काट्याचं रद्द करावं असं मनात आलं. पण गाडी तोवर काट्यावर चढली होती. राहू दे म्हटलं.

दुसरी गाडी ओतून होईपर्यंत साडेदहा वाजले. माल दाबून बसवणाऱ्या नीडल व्हायब्रेटरचा तो घर्रर्र आवाज डोक्यात बसला होता. मी टेप घेऊन वर गेले. काय राहिलंय ते आता कागदावर नाही, डोळ्यांसमोर होतं. तीस फूट लांब आणि पावणेदहा फूट रुंद पट्टा, त्यातले ९२ फूट बीम, आणि जिना. गुडघ्यावर वही ठेवून मांडलं. स्लॅबचे १२८, बीमचे पाऊणशे, जिन्याचे साडेएकवीस. सव्वादोनशे घनफुटांच्या जवळ. ६.३५.

गाडी सहाची.

वास्तविक ६.१३ उरायला हवे होते. पाइप धरूनही पाव क्यूबिक कुठेतरी गेलं होतं. पण त्याचा शोध घ्यायची ती वेळ नव्हती. मिस्त्री म्हणाले, "म्हणत होतो आठ ब्रास." चौथी गाडी मागवायची तर तीनचे पैसे, एकोणीस हजार, आणि यायला तास-दीड तास. मे महिना. तेवढ्यात आधीचा थर आळायला लागणार.

साहेबांनी जिन्याकडे बोट केलं. तिरकी पाटी आज भरायची, पायऱ्यांचे त्रिकोण सोडायचे. पायऱ्या वजन पेलत नाहीत, पाटी पेलते, त्या उद्या हातानं भरता येतात. साडेसात घनफूट तिथे वाचले, म्हणजे पाव क्यूबिकला थोडं कमी. आणि तिसरी गाडी संपली की पाइपातला माल धुऊन रस्त्यावर सोडायचा नाही. पाइप एकेक करून खोलायचे आणि घमेल्यानं वर चढवायचे. पंपवाल्याला हे अजिबात आवडलं नाही. त्याला दोनशे रुपये जास्त कबूल केले, मग आवडलं.

शेवटचा पट्टा असा भरला. चार बायका घमेली वर देत होत्या, मिस्त्री स्वतः पट्टीनं माल ओढत होते, आणि माझ्या पोटात गोळा आलेला. गॅलरीच्या कोपऱ्यात शेवटची तीन-चार घमेली पडली तेव्हा खाली पाइपात खरवडून काढायला बोटभर माल राहिला होता. थापीचा शेवटचा हात फिरला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुपारी वरून गोणपाट टाकलं, संध्याकाळी वाळू-सिमेंटची आळी घालून पाणी कोंडलं. फ्लाय ॲशचं सिमेंट असलं तर निदान दहा दिवस पाणी हवं. आम्ही चौदा दिवस ठेवलं, टँकरचे पैसे मोजत. बीमखालचे टेकूही चौदा दिवस हलवू दिले नाहीत. रात्री माणसांना मटणाचं जेवण झालं. मिस्त्री दोनदा रस्सा मागून घेऊन तिसऱ्यांदा आठ ब्रासचं बोलले.

ह्यांनी खिशातून काट्याच्या दोन चिठ्ठ्या काढल्या त्या जेवणानंतर. भरलेली गाडी २५,६४० किलो, रिकामी ११,६७०. माल १३,९७०. प्लँटनं दिलेल्या मिक्सच्या कागदावर एका क्यूबिकचं सगळं वजन, म्हणजे सिमेंट, ॲश, खडी, सँड, पाणी मिळून, २,४३० किलो होतं. भागाकार केला. ५.७५.

पहिल्या गाडीवर मी खोटा आळ घेतला म्हणून दुसरी काट्यावर गेली, आणि कमी भरली ती दुसरीच. बरोबर पाव क्यूबिक. एक सूत.

प्लँटवर चिठ्ठ्या घेऊन गेले. आधी म्हणाले काटा तुमच्या ओळखीचा असेल. मग म्हणाले, गाडीच्या टाकीतलं पाणी धुण्यात खर्च होतं, त्यानं वजनात फरक पडतो. मी म्हटलं, पडतो की. पाणी सांडलं तर रिकामी गाडी हलकी भरणार, म्हणजे माल उलट जास्त दिसायला हवा. ते थोडा वेळ गप्प बसले, मग कॅल्क्युलेटर ओढला. बिलातून १,५९३ रुपये कमी झाले. तिसऱ्या गाडीचं वजन आम्ही केलंच नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मी काही बोलले नाही. नऊ क्यूब घेतले होते. तीन सातव्या दिवशी फोडले, बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि सगळे पास झाले. मालात खोट नव्हती हे सांगायलाच हवं.

पायऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या, पाटी खरवडून, ओली करून, वर सिमेंटचा काला मारून. साडेसात घनफुटांना पावणेदोन पोती येत होती, मी दोन फोडायला सांगितली. नवव्या पायरीनंतर घमेलं-दीड घमेलं उरलं, त्यात एक ढापा निघाला. बाकीचे तीन साचे तेल लावलेले तसेच जिन्याखाली पडलेत.